फाशी की मरेपर्यंत जन्मठेप?

वादसभेत कोणती बाजू घ्यावी हे ठरत नसेल, तर ‘कडक’ आणि ‘मऊ’ हे शब्द आधी बाजूला ठेवा.

वेळ: सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या पुष्टीशिवाय अमलात येत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालय, मग दयेचा अर्ज. गाडी बहुधा इथेच अडते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या गावित बहिणींचे अर्ज निकाली काढायला सरकारने जवळपास आठ वर्षे घालवली आणि २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप झाली.

बंदिवास: जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा गैरसमज. खुनाच्या जन्मठेपेत लवकर सुटकेचा विचार होण्याआधी किमान १४ वर्षे काढावी लागतात; सुटकेची हमी नाही. खुनासाठी फाशीऐवजी विनासूट, म्हणजे मरेपर्यंत सुटका नसलेली, जन्मठेप देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानुसार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला आहे.

चूक: पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशी झालेल्या एकाला २०२३ मध्ये सोडावे लागले; गुन्ह्यावेळी तो अल्पवयीन होता. फास मागे घेता येत नाही, हे १९३१ मध्ये येरवड्यात चार हुतात्मे गमावलेल्या सोलापूरला कशाला सांगायचे?

गुन्हेगार बाहेर येऊ नये एवढेच हवे असेल, तर विनासूट जन्मठेप पुरते. फाशीच मागायची तर ती कधी द्यावी हे ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या बच्चनसिंग निकालाच्या (१९८०) कसोटीवर सुधारणेची शक्यता उरली नाही हे दाखवा. नुसत्या क्रौर्यावर भागत नाही.