घरपोच येऊन ऑक्सिजन सेन्सर ‘बदलला’, १२,४९९ रुपये घेतले, सेन्सर मात्र तेच

स्कॅनिंगचे ४९९, पुढच्या सेन्सरचे ५,८५०, मागच्याचे ४,९५०, मजुरी १,२००. एकूण १२,४९९ रुपये. आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून मी हे पैसे एका माणसाला दिले आणि त्याने माझ्या गाडीतले दोन्ही ऑक्सिजन सेन्सर (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारे भाग) काढून, पुसून, तेच परत बसवले. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी तर हे वाचाच, तो याच पट्ट्यात फिरतो.

जुलैत ऐरोलीला ऑफिसला जाताना चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी २०१९ ची, वॉरंटी संपलेली. सर्व्हिस सेंटरने नऊ दिवसांनंतरची तारीख दिली. बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, नऊ दिवस दिवा लागलेली गाडी घेऊन फिरायची माझी हिंमत नव्हती. ‘अनोळखी माणसाला बोलावलंसच कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी आधी हे समजून घ्या. आणि ऑक्सिजन सेन्सर घरी बदलता येतो, यात खोटं काही नाही. वायरचा प्लग काढायचा, २२ चा पाना लावून सेन्सर सोडवायचा, नवा आवळायचा. लोक स्वतः करतात. म्हणून फोनवर ‘घरपोच मेकॅनिक’ शोधून पहिला नंबर लावला.

तो पांढऱ्या व्हॅनमधून आला. बोलायला अतिशय गोड, वाक्यावाक्याला ‘ताई’. स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला, बिघाडाचे दोन कोड आले, पी ०१३५ आणि पी ०१४१. ‘दोन्ही सेन्सरचे हीटर जळालेत ताई.’ हीटर म्हणजे सेन्सर तापवणारा आतला भाग. मी तिथल्या तिथे मोबाइलवर तपासलं. कोड खरंच हीटरच्या सर्किटचे होते. मी डोळे मिटून विश्वास ठेवला नाही, एवढं तरी माझ्या बाजूने धरा.

पण कोड सर्किटचा असतो, सेन्सरचा नाही. एक सेन्सर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, दुसरा नंतर, दोन वेगळे भाग. दोघांचे हीटर एकाच सकाळी कसे जातील? दोन्ही कोड एकदम आले तर आधी फ्यूज बघायचा. माझ्या गाडीत दोन्ही हीटरना वीज एकाच फ्यूजमधून जाते. हे मला आज माहीत आहे. त्याला त्या दिवशीही माहीत होतं, कारण काम सुरू करण्याआधी त्याने बॉनेट उघडून फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं होतं. ‘बॅटरीचं कनेक्शन बघतो,’ म्हणाला. मी शेजारीच उभी होते.

आणि जो क्षण मला झोपू देत नाही, तो पुढे आला. पुढचा सेन्सर काढून ‘नंबर जुळवून आणतो’ म्हणत तो व्हॅनमध्ये गेला. दार लावून घेतलं. चार-पाच मिनिटांनी खोक्यातून ‘नवा’ सेन्सर काढतच बाहेर आला. टोक चकचकीत, स्प्रेचा उग्र वास. मी मोबाइलचा टॉर्च धरून होते, तेव्हा वायरच्या काळ्या कव्हरवर वाळलेला लाल चिखल दिसला. मी बोटाने घासलासुद्धा, त्याचा चुरा माझ्या बोटाला लागला. विचारलं, ‘नव्या वायरला चिखल कसा?’ तो म्हणाला, ‘गोडाऊनची धूळ आहे ताई, पावसात ओल येते.’ आणि मी गप्प बसले! बोटावर पुरावा असताना गप्प बसले. बाबांना न्यायला चाळीस मिनिटं उरली होती, डोकं तिकडे होतं. जुना सेन्सर मागितला, तर ‘कंपनीला परत द्यावा लागतो’ म्हणाला. तेही ऐकून घेतलं.

पार्ट काढण्याआधी त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. मेकॅनिकसमोरच द्या.

दिवा विझला. विझणारच, फ्यूज बदलून कोड पुसला होता. ५,००० ॲडव्हान्स आणि नंतर ७,४९९, दोन्ही यूपीआयने, खातं कुठल्या तरी बाईच्या नावावर. बिल ‘व्हॉट्सॲपवर टाकतो’ म्हणाला, ते आजपर्यंत आलेलं नाही.

पाच आठवड्यांनी दिवा परत लागला. फोन केला तर ‘पाणी गेलं असेल, सेन्सरला वॉरंटी नसते’ म्हणाला आणि मला ब्लॉक केलं. शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली. मागच्या सेन्सरची वायर क्लिपमधून सुटून एक्झॉस्टच्या पाइपला टेकत होती, कव्हर वितळून आतली तार उघडी पडली होती. शॉर्ट झालं की १५ अँपिअरचा निळा फ्यूज उडतो. वायरचे ६५० आणि फ्यूजचे २०, एकूण ६७० रुपयांत काम झालं. मग त्याने दोन्ही सेन्सरवरचे शिक्के दाखवले, २०१९ चे. गाडीबरोबर आलेलेच.

यानंतर पोलीस. पहिल्या दिवशी सांगितलं, ‘पैसे तुम्ही स्वतः दिलेत, ही दिवाणी बाब आहे.’ दुसऱ्या दिवशी, ‘यूपीआय आहे ना, मग सायबरला जा.’ सायबरवाले म्हणाले, माणूस प्रत्यक्ष येऊन काम करून गेलाय, हे ऑनलाइन फसवणुकीत बसत नाही. मग कोणीतरी म्हणालं, तो नवी मुंबईकडचा निघतोय, तिकडे जा. खाडी ओलांडून गेले, तर तिथे ‘घटना ठाण्यात घडली, तिकडेच द्या.’ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी वाचून गेले होते. उत्तर मिळालं, ‘ताई, कायदा आम्हाला शिकवू नका.’ तीन अर्ध्या रजा गेल्या आणि हातात काय, तर अर्जाच्या प्रतीवर एक शिक्का. चौकशीचा एक फोन नाही. बारा हजारांसाठी कोण धावणार, असं माझ्या तोंडावर म्हणाले. रोज पाच गाड्यांखाली शिरत असेल तो, त्याचे किती होतात हे कोणी मोजायचं? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. आरटीओत म्हणाले, मेकॅनिकशी आमचा संबंध नाही. प्रत्येक खिडकीवर मलाच विचारतात, बिल का घेतलं नाही. मग ज्याने दिलं नाही त्याला विचारणार कोण?

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही, दोन वर्षांच्या आत जाता येतं. पण समोरच्याचं नाव आणि पत्ता तर हवा! माझ्याकडे आहे एक बंद लागणारा नंबर. म्हणून सांगते, जीएसटी क्रमांकाचं बिल हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका. व्हॅनच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. गेटवरच्या वहीत मी पाहिलं, गार्डने नुसतं ‘मेकॅनिक’ लिहिलं होतं.

ब्लूटूथचा साधा स्कॅनर हजाराच्या आत मिळतो, कोड आधी स्वतः वाचा. नवा सेन्सर आला की टोकावरची टोपी तुमच्यासमोर निघाली पाहिजे, आट्यांवर ग्रीस दिसलं पाहिजे. पार्ट व्हॅनमध्ये न्यायचा नाही, म्हणजे नाहीच.

हे सगळं मी लिहिणार नव्हते, लाज वाटत होती. पण दिवा बंद होता त्या पाच आठवड्यांत मीच त्याचा नंबर बी विंगमधल्या एका काकूंना दिला होता. त्यांच्याकडून त्याने ५,८५० नेले. गेल्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. नुसतं म्हणाल्या, ‘तू सांगितलंस म्हणून बोलावलं गं.’