उत्तरकाशीच्या 'निम'चा बेसिक कोर्स: सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी जावं का?

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी विचारतंच, "गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करायचाय, निम बरं की मनाली की दार्जिलिंग?" मी निमला केलाय, म्हणून निमबद्दलच लिहिते. दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट) १९५४ सालची, तेनसिंग नोर्गे जिथे शिकवायचे ती. मनालीची संस्थाही जुनी आणि नावाजलेली. पण जिथे गेलेच नाही तिथल्याबद्दल काय बोलणार!

निम म्हणजे नेहरू गिर्यारोहण संस्था, स्थापना १९६५. एव्हरेस्टवर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल इथेच शिकल्या. फीमध्ये राहणं, जेवण आणि सगळी साधनं येतात. चालू आकडा संस्थेच्या साइटवरच बघा, तो बदलत असतो. कोर्स २८ दिवसांचा, आणि नोकरी करणाऱ्यांची खरी अडचण तीच. मी नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. वर्षभराची रजा, गणपती-दिवाळीसकट, त्या एका महिन्यात जिरवली. पाचपैकी साडेचार स्टार देते. अर्धा कापलाय तो रजेच्या नावाने, संस्थेच्या नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तोंड पाडून यायला नको. बेसिकला शिखर नसतं. शेवटी एक 'हाइट गेन'चा दिवस असतो, एका ठरावीक उंचीपर्यंत जायचं आणि परत यायचं. फोटोसाठी झेंडा घेऊन जाणार असाल तर त्याच पैशांत दुसरं काहीतरी करा.

पहिला आठवडा उत्तरकाशीतच. पहाटे पीटी, मग सॅक पाठीवर घेऊन टेखलाच्या कातळांपर्यंत चालत. सगळ्यांचे 'रोप' पाडतात, म्हणजे सहा-सात जणींचे गट. जेवण, तंबू, शिक्षा, सगळं रोपचं मिळून. आमची मुलींची तुकडी होती. माझ्या रोपमध्ये आसामची एक एनसीसीची पोरगी, हरियाणातली एक पोलीस, बाकीच्या कॉलेजातल्या. मीच सगळ्यांत मोठी, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून 'दीदी'. लष्करी शिस्त आहे. शिट्टी वाजली की उभं राहायचं, 'पाच मिनिटं' म्हणायचं नाही. ज्यांना शिट्टीचं वावडं आहे त्यांनी विचार करून जावं. मला ते आवडलं, कारण वर गेल्यावर ती पाच मिनिटं खरोखरच महाग पडतात.

कातळावर आपली माणसं चमकतात. अंजनेरी, हरिहर, ढाकोबा करून गेलेल्याला टेखला जड जात नाही; बिले (साथीदाराचा दोर सांभाळणं), रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं), आठची गाठ हे बहुतेकांना येत असतं. गंमत पुढे सुरू होते. बसने भुक्कीपर्यंत, तिथून दीनगाडच्या खोऱ्यातून चढत तेल नावाचा मुक्काम, मग गुज्जर हट, मग डोकराणी बामक या हिमनदीचा बेस कॅम्प, साधारण पावणेचार हजार मीटरवर. कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे हिशेब करा. आपल्याकडे जो भराभर चढतो तो भारी. इथे तोच रात्री डोकं धरून बसतो. सामान वरच्या मुक्कामाला पोचवून खाली झोपायला यायचं, हा प्रकार पहिल्यांदा निव्वळ हमाली वाटतो. पण शरीराला विरळ हवेची सवय लागते ती याच हमालीतून, आणि आमच्या रोपमध्ये ज्या सावकाश चालल्या त्या शेवटपर्यंत टिकल्या.

आता हिमनदी. मी ज्यासाठी गेले होते ते हेच. मागे एका खासगी ट्रेकिंग कंपनीबरोबर हिमालयात गेले होते, नाव घेत नाही. ताज्या हिमाने झाकलेल्या हिमनदीवरून त्यांनी आम्हाला दोराशिवाय नेलं, "पुढच्याच्या पावलावर पाऊल टाका" एवढ्या एका मंत्रावर. तेव्हा त्यात काय वावगं होतं हे कळण्याइतकीही अक्कल आमच्यापैकी कुणाला नव्हती. निमने ती दिली.

उघडा कडक बर्फ असतो तिथे भेगा डोळ्यांना दिसतात. वाट काढत जाता येतं. पण वर हिम पडलेलं असेल तर भेगेवर पूल तयार होतो आणि वरून सगळं सपाट, गुळगुळीत दिसतं. अशा ठिकाणी दोर बांधूनच चालायचं, दोघींमध्ये आठ-दहा मीटर अंतर ठेवून. दोर कासऱ्यासारखा सांभाळायचा: पुढचीला ओढ लागता कामा नये आणि मध्ये लोंबताही कामा नये. लोंबला तर पडणारी वेग घेते आणि मग तो हिसका मागच्यांना आवरत नाही. पुढची आइस अ‍ॅक्सचा (बर्फावरच्या कुदळीचा) दांडा खुपसून खुपसून बघते. एकदम भस्सकन आत गेला की थांबायचं. भेग शक्यतो काटकोनात ओलांडायची, कारण तिच्या कडेकडेने ओळ चालली तर सगळ्या एकाच पुलावर. आणि हे सगळं पहाटे, ऊन लागून पूल मऊ पडायच्या आत. यातलं एकही वाक्य अवघड नाही. पण थंडीत, अर्धवट झोपेत, मागून कुणी घाई करत असताना ते हातापायांनी आपोआप करणं अवघड आहे, आणि त्यासाठीच ते रोज घोटून घेतात.

क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे अणकुचीदार दात, घालून चालणं हा वेगळाच तमाशा. पाय फाकून चालायचं, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (बुटावरच्या कापडी वेष्टणात) अडकतात आणि माणूस तोंडावर. उतारावर आपण नकळत टाचेवर भार देतो. इथे सगळे दात एकदम टेकायला हवेत, म्हणून घोटा वाकवायचा. पिंडऱ्या बोंबलतात. घसरलो तर अ‍ॅक्सचं टोक बर्फात रुतवून अंगाचा भार त्यावर टाकायचा. पण क्रॅम्पॉन पायात असतील तर पाय वर उचलायचे, कारण दात रुतले की माणूस उलटा फेकला जातो. आणि दोरावर क्रॅम्पॉनचा पाय? "रस्सी पे पैर किसका?" एवढं वरून ऐकू आलं की अख्खा रोप पुशअप्सना खाली.

माझ्या मते सगळ्या कोर्सची वसुली क्रेव्हासमधून, म्हणजे हिमनदीच्या भेगेतून, बाहेर येण्याच्या सरावात होते. भेगेत सोडतात. वर उजेडाची पट्टी, बाजूला निळसर भिंत, ठिबकणारं पाणी थेट कॉलरमध्ये. मुख्य दोरावर बारीक दोरीच्या दोन प्रुसिक गाठी मारायच्या, एक हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला), एक पायाला. भार दिला की गाठ दोराला चावते, भार काढला की सरकते. एक सरकव, पायावर उभी राहा, दुसरी सरकव. दिवसभर लहान पोरांच्या हातातल्या शिरा शोधणारी बोटं माझी, पण ओल्या हातमोज्यात तीन वेढे घालता घालता त्यांनी हात टेकले. शेवटी दातांनी दोरी ओढली. आणि कडेला आल्यावर कळतं की दोर वरच्या हिमात खोल रुतलाय आणि शेवटचे दोन हात अंतरच सगळ्यांत वाईट आहे. म्हणून वर असलेल्यांचं एक महत्त्वाचं काम म्हणजे दोराखाली, अगदी कडेवर, आइस अ‍ॅक्स आडवी सरकवणं आणि तीही बांधून. चित्रात न कळणारी गोष्ट आहे ही.

ओढून काढायची पद्धतही शिकवतात, झेड-पुली. कागदावर तीनास एक फायदा, म्हणजे वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा जोर पुरतो, प्रत्यक्षात घर्षणात बराचसा जातो, त्यामुळे चार जणी ओढत असल्या तरी घाम फुटतो. दोर ज्याला अडकवायचा त्या नांगरासाठी मऊ हिमात अ‍ॅक्स आडवी पुरायची, कडक बर्फात फिरवून बसवायचा स्क्रू.

घरच्यांचा प्रश्न येणारच, कारण ४ ऑक्टोबर २०२२ कुणी विसरलेलं नाही. याच खोऱ्याच्या माथ्यावर, द्रौपदी का डांडा-२ वर, निमच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सच्या तुकडीवर हिमस्खलन आलं आणि २९ जण गेले. आईने ती बातमी मला वाचून दाखवली होती. मी तिला काय सांगितलं तेच इथे सांगते. बेसिक तितक्या वर जात नाही. आणि दोराने भेगेचा धोका आवाक्यात येतो, हिमस्खलनाचा नाही. त्याला उतार, ताजं हिम, वारा वाचावा लागतो, आणि तेवढं वाचूनही डोंगर शब्द देत नाही. "म्हणजे धोका आहेच," आई म्हणाली. आहेच.

आणि म्हणूनच, बेसिक करून आल्यावर लगेच चार मित्रांना घेऊन हिमनदीवर जाणाऱ्यांची मला भीती वाटते. बेसिक तुम्हाला दोरावरची चांगली दुसरी किंवा तिसरी व्यक्ती बनवतं. पहिली नाही. त्यासाठी अ‍ॅडव्हान्स आहे, तोही बेसिकला ए ग्रेड असेल तरच. सुटकेच्या कामासाठी सर्च अँड रेस्क्यू हा वेगळा कोर्स आहे.

कधी जायचं? मे-जूनमध्ये हिम जास्त सापडतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खालचा कडक बर्फ उघडा पडलेला असतो. मला विचाराल तर पावसाळ्यानंतर, कारण क्रॅम्पॉनचं काम तेव्हा नीट होतं. हिमात घसरायला शिकायचं असेल तर आधी. जागा लवकर भरतात, त्यामुळे तारखा लागल्या लागल्या अर्ज करा आणि डॉक्टरचा दाखला आधीच करून ठेवा. महिनाभर आधीपासून बारा-पंधरा किलोची सॅक घेऊन जिने किंवा पांडवलेणी चढा-उतरा. नुसतं धावून भागत नाही.

अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन, बूट, हार्नेस काही विकत घेऊ नका, तिथे मिळतं. हातमोज्यांचे दोन जोड आणि बर्फावरचा गॉगल मात्र स्वतःचा न्या, बाजूने बंद असलेला. नंबरचा चष्मा असेल तर त्यावर बसणारा शोधायला वेळ ठेवा. दुकानात घालून बघितलेला एकही मला नीट बसेना, शेवटी काळ्या काचा नंबरच्याच करून घेतल्या आणि कडेला चामड्याच्या पट्ट्या चांभाराकडून शिवून घेतल्या.