आंब्याच्या पेटीसाठी क्लॅरेंडन की रॉकवेल?

रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराला परदेशी जाणाऱ्या पेटीवर रोमन लिपीत ठळक नाव हवे असेल, तर स्लॅब सेरिफ (अक्षरांच्या टोकांना जाड पट्ट्या असलेल्या) प्रकारातले हे दोन टंक (फॉन्ट) विचारात घेण्याजोगे आहेत. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्री या टंक ओतणाऱ्या कारखान्यातून 1845 मध्ये रॉबर्ट बेस्ली यांनी आणलेल्या क्लॅरेंडनमध्ये टोकाची जाड पट्टी वळण घेत दांड्यात मिसळते, जाड-बारीक रेषांतला फरक राहतो आणि काही लहान अक्षरांच्या टोकाला गोल थेंब येतो. त्यामुळे ठळक असूनही तो राकट वाटत नाही. मोनोटाइप या टंक बनवणाऱ्या कंपनीचा 1934 चा रॉकवेल भूमितीने बांधलेला आहे: पट्ट्या काटकोनात, रेषा जवळपास एकाच जाडीच्या, ‘ओ’ वर्तुळाकार.

पुठ्ठ्यावर शाई पसरते, आणि हेच इथे निर्णायक ठरते. छोट्या आकारात क्लॅरेंडनमधल्या अरुंद जागा भरून येतात, रॉकवेल मात्र टिकतो. म्हणून पेटीसाठी मी रॉकवेलच निवडीन. जांभ्याच्या भिंतीवरील निवास-न्याहारीच्या पाटीला, माझ्या मते, क्लॅरेंडन अधिक शोभतो. सलग मजकुराला दोन्हींची ठळक रूपे नकोत. ‘हापूस’ हा शब्द देवनागरीत हवाच असेल, तर ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मुक्ता’ या टंकाचे सर्वांत जाड रूप रॉकवेलच्या जोडीला घ्यावे.