चेकॉव्हच्या दोन आन्ना: आधी ‘आन्यूता’ की ‘लेडी विथ द डॉग’?

चेकॉव्हच्या कथा वाचल्या आहेत, बॅले मात्र कधी पूर्ण पाहिलेला नाही, आणि आता एखादा रशियन बॅले घरी बसून पाहायचा आहे, अशा माणसाने या दोनपैकी एक निवडावा. ‘आन्यूता’ हा १९८२ सालचा चित्रपट, ‘आन्ना ऑन द नेक’ या १८९५च्या कथेवरचा. ‘लेडी विथ द डॉग’ १९८५ साली मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरमध्ये रंगमंचावर आला आणि नंतर चित्रित झाला. त्याची कथा १८९९ची. माझं मत आधीच सांगते: पहिलाच बॅले असेल तर ‘आन्यूता’ पाहा.

दोन्ही नायिकांचं नाव आन्ना (‘आन्यूता’ हे त्याचंच लाडकं रूप), आणि दोघींच्या संसारात प्रेमाचा पत्ता नाही. गंमत अशी की दोन्ही बॅले मात्र एकमेकांवर जीव असलेल्या नवराबायकोंनी उभे केलेत. ‘आन्यूता’चं नृत्यलेखन व्लादिमीर वासिलियेवचं आणि आन्ना झाली त्याची बायको येकातेरिना माक्सिमोवा. दुसऱ्यात संगीत रोदिओन श्चेद्रिनचं, तर नृत्यलेखन आणि मुख्य भूमिका त्याची बायको माया प्लिसेत्स्काया हिची.

‘आन्यूता’ जन्मला तोच कॅमेऱ्यासाठी, लेनिनग्राडच्या दूरचित्रवाणीवर. दिग्दर्शक अलेक्सांद्र बेलिन्स्कीला या कथेवरचा बॅले सुचला तो वालेरी गाव्रीलिनचा एक वॉल्त्झ ऐकून. गाव्रीलिनने बॅलेसाठी म्हणून काही लिहिलंच नव्हतं. त्याच्या आधीच्या रचनांमधून हे संगीत गुंफलं गेलं, आणि तरी ते कथेच्या अंगाला अगदी बेतून शिवल्यासारखं बसतं.

कथा थोडक्यात अशी. अठरा वर्षांची आन्ना बावन्न वर्षांच्या सरकारी अधिकाऱ्याशी लग्न करते, कारण आई वारल्यावर शिक्षक असलेले वडील दारूच्या आहारी गेलेत आणि धाकटे दोन भाऊ हालात आहेत. नवऱ्याची गोल, गुळगुळीत हनुवटी टाचेसारखी दिसते, असं चेकॉव्ह लिहितो. पैसा नवऱ्याच्या मुठीत, आणि माहेरी काहीच पोचत नाही. मग एका मोठ्या बॉलमध्ये, म्हणजे नृत्यसमारंभात, नवऱ्याच्या वरिष्ठाची नजर तिच्यावर पडते आणि एका रात्रीत पारडं फिरतं. नवरा मिंधा होतो, ती हवा तसा पैसा उडवते, आणि ज्यांच्यासाठी लग्न केलं त्या वडिलांना आणि भावांना विसरते.

बॅलेला ही कथा मानवते, कारण तिचं वळणच नाचाच्या दिवाणखान्यात आहे. तिथला तारांतेला, म्हणजे वेगवान इटालियन नाच, नीट पाहा. माक्सिमोवाचे पाय विजेसारखे चालतात, पण माझी नजर खिळते तिच्या चेहऱ्यावर. आपल्यात ताकद आहे हे या मुलीला नाचता नाचता कळतं, आणि ते कळणं कॅमेरा जवळून टिपतो. थिएटरात तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या प्रेक्षकाला हे दिसलं नसतं. तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती, आणि अठराची वाटते.

वडिलांची भूमिका खुद्द वासिलियेवने केली आहे, आणि हा चित्रपट मला सर्वांत जास्त त्याच्यासाठी आवडतो. ‘स्पार्टाकस’ या बॅलेतला बंडखोर गुलाम म्हणून बोल्शॉयमध्ये गाजलेला हा एकेकाळचा धिप्पाड नायक इथे खांदे पाडून, पाय घसटत चालतो. दारुड्याची नक्कल करणं सोपं असतं, पण हा माणूस लाजेने आतून वाकलेला आहे. कथेच्या शेवटी आन्ना गाडीतून भरधाव जाते, वडील तिला हाक मारू पाहतात आणि मुलगे त्यांचे हात धरून विनवतात, ‘बाबा, नको ना.’ चित्रपटाचा शेवटही त्याच बापलेकरांवर येऊन थांबतो.

एक गोष्ट मला पटत नाही. आन्नाचं प्रेम असलेला एक गरीब विद्यार्थी बॅलेत घातला आहे, तो कथेत नाही. त्यामुळे तिची कीव जरा जास्तच येते. चेकॉव्हने तिला इतकी सवलत दिली नव्हती.

‘लेडी विथ द डॉग’ची प्रकृती वेगळी. पाऊण तासाचा एक अंक. याल्ता या समुद्रकाठच्या गावी भेटलेले दोघे, आन्ना आणि गुरोव, दोघेही विवाहित. बहुतेक भार त्या दोघांच्या युगुलनृत्यांवर. श्चेद्रिनचा वाद्यवृंदही मोजकाच: तंतुवाद्यं, दोन ओबो आणि दोन हॉर्न ही फुंकून वाजवायची वाद्यं, आणि चेलेस्टा हे घंटांसारखं किणकिणणारं पेटीवाद्य. प्लिसेत्स्कायाचे कपडे फ्रेंच फॅशन डिझायनर पिएर कार्दँचे. पहिला प्रयोग झाला २० नोव्हेंबर १९८५ला, म्हणजे तिच्या साठाव्या वाढदिवशी. उड्या आणि गिरक्या मोजायच्या असतील तर निराशा होईल. तिचे हात आणि पाठ पाहायची असेल, तर असं दुसरीकडे सहसा दिसत नाही.

पण मूळ कथेतलं पुष्कळसं इथे येऊच शकत नाही. पहिल्या जवळिकीनंतर आन्ना रडवेली बसली आहे आणि गुरोव शांतपणे कलिंगड कापून खातो आहे, अर्धा तास कुणी बोलत नाही. त्या प्रसंगातला कोरडेपणा नृत्याला पकडता येत नाही. बॅलेतलं प्रेम सुरुवातीपासूनच उदात्त आहे, तर कथेतला गुरोव आधी एक सराईत बाईलवेडा आहे आणि हळूहळू माणूस होतो. शिवाय हा बॅले मुळात रंगमंचाचा, त्यामुळे पडद्यावर तो थोडा दूरचा वाटतो.

निवड करताना आणखी एक लक्षात ठेवा. ‘आन्यूता’ १९८६ साली आधी नेपल्समध्ये आणि मग बोल्शॉयमध्ये रंगमंचावरही आला, आणि त्या प्रयोगांची चित्रणंही याच नावाने सापडतात. तुम्हाला हवा तो १९८२चा, बेलिन्स्कीचा.

घरातल्या सगळ्यांसोबत पाहायचं असेल, सोबत बारा-तेरा वर्षांचं मूल असेल, तर ‘आन्यूता’ कथा न वाचताही कळतो. ‘लेडी विथ द डॉग’साठी मात्र आधी कथा वाचा, एका बैठकीत होते. आणि तुम्ही स्वतः भरतनाट्यम किंवा कथक शिकला असाल, शब्दांशिवाय केवळ देहातून भाव कसा उभा राहतो हेच बघायचं असेल, तर माझा सल्ला उलटा करा आणि प्लिसेत्स्कायापासून सुरुवात करा.