इसबगोलची भुशी: चमचा बरोबर, पाणी चुकीचं

मुंबईतल्या कुठल्याही केमिस्टकडे 'पोट साफ होत नाही' म्हटलं की काउंटरवर दोन वस्तू येतात: इसबगोलची भुशी आणि कुठलंतरी चूर्ण. दोन्ही रात्री घ्यायची, दोन्हींवर हिरवी पानं छापलेली, त्यामुळे लोक दोन्ही एकाच मापाने तोलतात. बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती मोठ्या आतड्याला ढोसून 6 ते 12 तासांत मोकळं करते, आणि बरोबर मुरडाही देते. भुशी कुणाला ढोसत नाही. ती पाणी धरून फुगते आणि मळ मऊ, भरीव करते. त्यासाठी 12 तासांपासून 3 दिवसांपर्यंत वेळ लागतो. एका रात्रीत निकाल हवा असेल तर हा डबा घेऊच नका. रोज महिनोन्महिने घ्यायचं असेल, तर मात्र चूर्णापेक्षा हाच बरा.

साधी भुशी, दळलेली पावडर आणि संत्र्याच्या चवीची, असे तीन प्रकार मिळतात. आमची पसंती साध्या भुशीला. माल गुजरात-राजस्थानचा, उंझ्याच्या बाजारातून देशभर जाणारा. रंग फिकट पांढरा किंवा किंचित गुलाबीसर हवा. काळपट कण जास्त दिसले तर बियांचा चुरा मिसळलेला समजा. चवीच्या प्रकारात बऱ्याचदा भरपूर साखर असते, मधुमेह असेल तर पाकिटाची मागची बाजू आधी वाचा. पावडर पटकन मिसळते, पण गुठळ्याही तितक्याच पटकन धरते.

आता माप. पाकिटावर 'एक ते दोन चमचे' एवढंच लिहितात, कुठला चमचा ते सांगत नाहीत. भुशी कापसासारखी हलकी, त्यामुळे चमच्यागणिक वजन बदलतं. घरात छोटा वजनकाटा असेल तर एकदाच 5 ग्रॅम मोजून चमचा ठरवून टाका. पहिले चार-पाच दिवस त्याच्या निम्मीच घ्यायची, नाहीतर पोट फुगतं, गॅस होतो आणि दोष भुशीच्या माथी येतो. रोज 5 ग्रॅम धरले तर 100 ग्रॅमचं पाकीट 20 दिवस पुरतं.

खरी गोची पाण्याची. 250 मिलि पाण्यात 5 ग्रॅम भुशी ढवळा आणि लगेच प्या. वरून आणखी अर्धा पेला पाणी. तीच भुशी अर्ध्या कपात ढवळून पाच-सात मिनिटं ठेवून पाहा: तान्ह्या बाळाच्या खिमटासारखा चिकट गोळा होतो. असा गोळा घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकतो. कोरडी भुशी तोंडात टाकून वरून घोटभर पाणी, हा प्रकार तर अजिबात नको. ज्यांना मुळात गिळायला त्रास होतो त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये.

विरार-बदलापूरहून येणाऱ्यांचा पेच वेगळा. लोकलमध्ये शौचालय नाही, म्हणून सकाळपासून पाणीच कमी प्यायचं, आणि चहानंतर येणारी शौचाची कळ गाडी चुकेल म्हणून दाबायची. दाबलेला मळ आतड्यात थांबतो, त्यातलं पाणी शोषलं जातं, खडा बनतो. अशा दिनक्रमात सकाळी भुशी घेऊन फायदा नाही. संध्याकाळी घरी आल्यावर, जेवणाआधी घ्या. झोपायच्या तोंडावर नको. आणि गजर पंधरा मिनिटं आधीचा लावा, तो भुशीइतकाच कामाचा.

इतर गोळ्या आणि भुशी यांत किमान 2 तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडच्या गोळीत 4 तासांचं. नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. लोहाच्या गोळ्यांनी संडास कडक होते म्हणून अनेक जण भुशी त्यांच्याबरोबरच घेतात, तिथेही हेच अंतर.

मूळव्याध आणि फिशरमध्ये (गुदद्वाराला पडलेली चीर) ही वस्तू पैसे वसूल करते: कुंथणं कमी, म्हणून जखमेवर ताण कमी. फिशर असेल तर जोडीला कोमट पाण्याच्या टबात 10-15 मिनिटं बसा. आयबीएसमध्येही (वारंवार पोटदुखी आणि कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब असा आतड्यांचा जुना त्रास) उपयोगी, अगदी जुलाबाच्या प्रकारातही, कारण जादा पाणी ती धरून ठेवते. उलट गव्हाच्या कोंड्याने आयबीएसवाल्यांचं पोट अनेकदा जास्तच फुगतं. 'फायबर म्हणजे फायबर' हे इथे चालत नाही. उलट्या-जुलाबाचा साधा झटका असेल तर आधी ओआरएस.

काही तक्रारी या डब्याच्या आवाक्यातल्या नाहीत. शौचातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, कारण नसताना घटणारं वजन, पंचेचाळिशीनंतर अचानक बदललेली सवय: आधी डॉक्टर. रक्त दिसलं की 'मूळव्याधच असेल' म्हणून घरीच उपचार लांबवणं सगळ्यात महागात पडतं. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वारासुद्धा सरत नाही, तर भुशीचा चमचाही नको, थेट हॉस्पिटल.

पावसाळ्यात मुंबईची हवा ही भुशी अख्खी खाते. पुठ्ठ्याच्या खोक्यात उघडी ठेवली तर आठवड्याभरात गाठी होतात, आणि गाठाळलेली भुशी पाण्यात सारखी फुलत नाही; ती फेकाच. पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्यासकट. ओततानाही हळू, तिची धूळ नाकात गेली तर दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो.