युगांडातल्या शाळेला काय द्यावं: बेसबॉल की क्रिकेट?

कंपालात नोकरीला असलेला भाचा तिथल्या एका शाळेला खेळाचं सामान देणार आहे. कुठल्या खेळाचं, यावर अडलाय.

खर्चात बेसबॉल जड. नऊच्या नऊ क्षेत्ररक्षकांना ग्लोव्ह हवा, आणि डावखुऱ्या पोराला उजव्या हातात चढणारा वेगळाच. क्रिकेटचे पॅड आलटूनपालटून चालतात.

जागेचं उलटं. क्रिकेटला टप्पा नीट पडायला मॅटिंग लागतं. बेसबॉलला ओबडधोबड माळही बऱ्यापैकी चालतो.

पुढची वाट? २०११ला व्हिसा न मिळाल्याने युगांडाच्या पोरांची लिटल लीग विश्वमालिका, म्हणजे अमेरिकेत होणारी लहान मुलांची जागतिक बेसबॉल स्पर्धा, हुकली (अजून चुटपुट लागते), पण २०१२ला युगांडातल्याच लुगाझी गावचा संघ तिथे खेळलाच, आफ्रिकेतला पहिला. क्रिकेटवाले २०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पोचले.

पैसे बेताचे असतील तर क्रिकेट. जवळ बेसबॉलचा प्रशिक्षक असेल तर मात्र ग्लोव्हच घ्यावेत.