‘अ‍ॅडव्हान्स्ड पोकर मॅथ्स’चे 28 हजार

मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. संभाव्यतेच्या धड्यातली पत्त्यांची उदाहरणं फळ्यावर सोडवण्यात वीस वर्षं गेली. तरी फसलो, तेही गणितातच, म्हणून हे लिहितोय.

2024च्या पावसाळ्यात एका टेलिग्राम ग्रुपवर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन पोकरचं गणित शिकवणारा हा कोर्स दिसला. फी 28 हजार, आधी दोन तास फुकट. सगळे त्या शिकवणाऱ्याला ‘सर’च म्हणायचे. हातात दोन एक्के येण्याची शक्यता 221 मध्ये 1 कशी, फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यावर, फ्लशला (एकाच चिन्हाची पाच पानं, जसं पाचही बदाम) एक पान कमी असेल तर न दिसलेल्या 47 पानांत आपली 9, म्हणजे पुढच्या पानावर साधारण 19 टक्के, हे सगळं सरांनी झरझर मांडलं. मी मनात पडताळून पाहिलं, अगदी बरोबर. तिथेच विरघळलो. इतकं चोख गणित मांडणारा माणूस फसवेल असं वाटेचना.

पैसे भरल्यावर सॉल्व्हरच्या, म्हणजे कुठल्या पानांवर काय खेळावं हे काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, रंगीत तक्त्यांची जाडजूड पीडीएफ आली. अट एकच: एका पोकर अ‍ॅपवर सरांच्या लिंकवरून उघडलेल्या खात्यावरच खेळायचं, महिन्याला किमान पाच हजार हात, म्हणजे डाव. हरतोय म्हटलं की ठरलेलं उत्तर, “व्हेरियन्स आहे, सॅम्पल वाढवा.” म्हणजे हा नशिबाचा चढउतार, अजून डाव खेळा.

सात महिन्यांत 5-10 रुपयांच्या ब्लाइंडवर (पानं वाटण्याआधी सक्तीने लावायचे पैसे) 40 हजार हात खेळलो आणि 34 हजार रुपये घालवले. बायकोला आकडा निम्माच सांगितला होता. मग एका रविवारी सगळी हँड हिस्टरी, म्हणजे डावांची नोंद, एक्सेलमध्ये ओतली. प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, अ‍ॅप स्वतःसाठी जो रेक कापतं, तो मी भरला होता 41 हजार. म्हणजे समोरच्या खेळाडूंकडून मी सात हजार जिंकलेच होते!

तक्ते उघडून पाहिले. सगळीकडे रेक शून्य धरलेला. 300च्या पॉटमध्ये समोरच्याने 150 लावले, तर आपण तेवढेच 150 घालून (याला कॉल म्हणतात) 600साठी खेळतो, म्हणजे 25 टक्के शक्यता पुरते. पाच टक्के रेक कापला की हाती येणार 570, आणि लागतात 26.3 टक्के. फरक एवढासाच, पण माझे बहुतेक कॉल असेच काठावरचे. लहान टेबलावर शिकणाऱ्याला पॉट ऑड्स (वरचा 25 टक्क्यांसारखा हिशेब), कामाची पानं मोजून दोनाने गुणून पुढच्या पानाची टक्केवारी काढणं आणि रेकचा हिशेब एवढं आलं तरी पुष्कळ झालं. सॉल्व्हरचं गणित खोटं नसतं. ते ज्या टेबलासाठी मांडलेलं असतं, तिथे आपण बसलेलोच नसतो. (फी भरण्याआधी ‘यात रेक किती धरलाय?’ एवढं विचारलं असतं तरी वाचलो असतो.)

लिंकचं कोडं सरांनीच उलगडलं. “तुम्ही मास्तर आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे. माणसं आणा, त्यांच्या रेकमधला वाटा तुम्हालाही देतो.” तुम्हालाही! म्हणजे माझ्या 41 हजारांतला वाटा कुणाकडे जात होता ते कळलं. फी परत मागितली, त्याच संध्याकाळी ग्रुपमधून काढून टाकलं.

ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेत मंजूर झाला, आणि ते अ‍ॅप बंद पडलं. सर बंद पडले नाहीत. गेल्या महिन्यात एका ओळखीच्या मुलाने त्यांचा नवा कोर्स दाखवला, गोव्यातल्या कॅसिनोंसाठी, फी 35 हजार. मुखपृष्ठावर मांडवीतलं कॅसिनोचं जहाज. आत तेच तक्ते, सहा जणांच्या ऑनलाइन टेबलाचे, रेक शून्य.